सुधारित जात

नवरा निवृत्त व्हायला आला की बायकांना धास्ती असते, हा माणूस आता दिवसभर करणार काय. कुणाचा नवरा राजकारणात पडतो, कुणाचा स्वयंपाकघरात येऊन डब्यांची झाकणं तपासत बसतो. आमच्या यांनी कोंबडा आणला.

हे वीज खात्यात वायरमन होते. सगळी नोकरी खांबावर गेली. निवृत्तीनंतर चार महिने पिंपळवंडीतल्या आमच्या ओट्यावर बसून मोबाईलवर कोंबड्यांचे व्हिडिओ पाहिले, आणि एका सकाळी काही न सांगता कळंबला गेले. दुपारी परत आले तेव्हा मोटारसायकलच्या टाकीवर एक पिशवी होती आणि पिशवीतून लांबलचक लाल मान बाहेर आलेली. हँडलला आणखी एक पिशवी, तिच्यात दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या. आमची मुलगी जन्मली तेव्हा दवाखान्यातून घरी आणताना यांनी तिला जेवढं जपून धरलं नव्हतं, तेवढं जपून तो कोंबडा खाली उतरवला.

"बघ," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "असील हाय. झुंजीचा, अस्सल."

मी बघितलं. तुरा नावालाच, डोक्यावर वाटाणा चिकटवल्यासारखा. छाती उघडी, पिसं कमी आणि अंगाला घट्ट. डोळे पांढुरके. सगळं अंग गाठीगाठीचं, आणि उभं राहणं असं ताठ की एखादा फौजदार चौकशीला आलाय. माझ्या गावरान कोंबड्या उकिरडा उकरत होत्या, त्या उकरायच्या थांबल्या.

"कशाला आणला?" मी विचारलं.

"आपल्या कोंबड्यांची जात सुधारायची."

जात सुधारायची! हे वाक्य आमच्या घरात, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली उभं राहून. माझे सासरे धम्म घेतलेल्या पहिल्या पिढीतले. त्यांनी घरातले देव नदीत सोडले, गावकीची कामं सोडली, त्यासाठी मार खाल्ला. त्यांच्या तोंडून 'जात' हा शब्द मी फक्त शिवीसारखा ऐकला. आणि त्यांचा मुलगा आता कोंबड्याच्या पायाची नळी चोळत मला रक्ताचं महत्त्व सांगत होता.

माझ्या अंगणात तेव्हा अकरा गावरान कोंबड्या होत्या, एक तांबडा कोंबडा, आणि सरकारी योजनेतून मिळालेल्या पाच सुधारित कोंबड्या. या सरकारी कोंबड्या मोठ्या, गुबगुबीत आणि डोक्याने मंद. सगळ्यांचं आपापसांत ठरलेलं होतं. काळी गावरान आधी खाणार, मग बाकीच्या, सरकारी सगळ्यात शेवटी. भांडणं व्हायची, पण चार टोचा मारल्या की एक पळायची आणि विषय संपायचा. संध्याकाळी, उसातून बिबट्या बाहेर पडायच्या आत, सगळ्या आपणहून खुराड्यात जायच्या. मी अंगणवाडीत सेविका आहे. वीस-पंचवीस पोरांना रांगेत बसवताना मला रोज वाटायचं, यांच्यापेक्षा माझ्या कोंबड्या शहाण्या.

"याला वेगळा ठेवा," मी म्हणाले.

"काय न्हाई करत. बघ कसा माणसाळलाय." यांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं. आणि खरंच, तो मांडीवर बसला, मान खाली घातली, डोळे मिटले. हे मी खोटं सांगणार नाही. माणसांशी तो शेवटपर्यंत वासरासारखा वागला. त्याचं सगळं वैर आपल्यासारख्यांशीच होतं. अशी माणसंही मी पाहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीतून एक वाजता घरी आले. लिंबाखाली तांबडा कोंबडा पडला होता. डोकं असं झालं होतं की चोच कुठली आणि डोळा कुठला ते कळत नव्हतं. हे पायरीवर बसले होते.

"तुम्ही इथंच होता?"

"व्हय."

"मग सोडवायचं नाही?"

"मला वाटलं, थोडं लढतील आन् ठरवून घेतील."

"ठरलं का?"

 मग यांनी हळूहळू सांगितलं. तांबडा दोनदा पळाला होता. एकदा गोठ्यात शिरला, एकदा कडब्यामागे. असील दोन्ही वेळा मागे गेला आणि त्याला ओढून बाहेर आणल्यासारखं बाहेर आणलं. समोरचा पळाला म्हणजे हरला, एवढं साधं त्या खानदानी डोक्यात शिरत नव्हतं.  हे म्हणाले, रस्सा कर. मी म्हणाले, तुम्ही करा. त्यांनी केला नाही, तेव्हा मी तांबड्याला लिंबाच्या पलीकडे पुरलं.

आठवड्याभरात ही बातमी गावभर झाली आणि माणसं यायला लागली. कोण कुठून यायचे कोण जाणे, पण यायचे आणि कोंबड्याभोवती उकिडवे बसायचे. त्याची नखं बघायचे, पायावरचे खवले बघायचे, चोच उघडून आत बघायचे. स्वतःच्या पोराची वही कधी उघडून न बघणारे हे लोक. हे त्याला उकडलेली अंडी भरवायचे, माझ्याच कोंबड्यांची. सकाळी त्याच्या पायांना तेल लावायचे. माझे गुडघे चार वर्षं दुखताहेत, हे इथे फक्त नोंदवून ठेवते.

त्यातच एक दिवस समोरचा बागाईतदार आला. रस्त्यापलीकडे त्याचा ऊस, त्याची कांदे साठवायची बराख, त्याचं दुमजली घर. समोर असला की मी त्याला दादा म्हणते, अहो-जाहो करते. इथे लिहिताना करणार नाही. तो आणि आमचे हे शाळेत एका वर्गात होते. तरी तो यांना अरे-तुरे करायचा आणि हे त्याला "दादा, तुमी". मोटारीची वायर जळाली की हाक यायची, "ये रे जरा." तो कधी आमच्या फाटकाशी आलाच तर मी चहा विचारायची, आणि तो तीस वर्षं एकच उत्तर द्यायचा, "आत्ताच झाला वहिनी." त्याच्या घरी दिवसभर चहाच होत असणार.

त्या दिवशी तो फाटकातून आत आला. खुर्चीवर बसला. कोंबडा मांडीवर घेतला.

"वहिनी, लई खानदानी माल हाय बरं का," तो म्हणाला. "ह्याची मान बघा, ह्याची नळी बघा. ह्याच्या बापाला मी बघितलाय. आन् ह्याचा आजा तर काय बोलायचं काम न्हाई."

तो कोंबड्याच्या चार पिढ्या सांगत गेला. मी तीस वर्षं समोर राहते, माझं नाव त्याला माहीत नाही. मी सवयीने चहा विचारला. तो म्हणाला, "आना की." आणि प्यायला. बशीत ओतून, फुर्र करून, दोन कप.

आता जे लिहिते त्याची मला लाज वाटते. मला बरं वाटलं. कपबशा विसळताना मी गुणगुणत होते. दुसरी कपबशी हातात आली तेव्हा लक्षात आलं की हा माणूस आपल्याकडे नाही, कोंबड्याकडे चहाला आला होता. मग मी ती बशी इतकी जोरात घासली की तिच्या काठाचा टवका उडाला.

इकडे अंगणातलं राज्य बदललं होतं. माझ्या कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं गेली. त्या दोन असील तलंगा त्याच्याहून वाईट निघाल्या. त्यांनी काळीचा तुरा मुळापासून फाडला. जी आधी खायची ती काळी पाण्याच्या टाकीमागे लपून राहायला लागली आणि बाकीच्या सावलीला बसल्या की चोरासारखी येऊन पाणी प्यायची. सरकारी कोंबड्या तर पळायच्याही नाहीत. उभ्या राहून मार खायच्या. मी रोज संध्याकाळी एकेकीला पकडून हळद आणि तेल लावायची. अंडी जवळजवळ बंद झाली. जी एखाददुसरी मिळायची ती साहेबांना उकडून जायची.

"ह्यांना सवय व्हईल," हे म्हणायचे.

"कशाची? मार खायची?"

"तेज हाय गं त्याच्यात. उतरंल पिलांत."

उतरलं. खुडूक बसलेल्या एका गावरान कोंबडीखाली मी अंडी ठेवली, नऊ पिल्लं निघाली. महिनाभर गोड दिसली. सहाव्या आठवड्यात एका सकाळी दोघांची डोकी रक्ताने माखलेली. मला वाटलं मुंगूस. मी सुट्टीच्या दिवशी पाळत ठेवली, तर मुठीएवढी दोन पिल्लं छातीला छाती लावून उभी. दोघांचे डोळे सुजून मिटलेले, दिसत काहीच नव्हतं, तरी टोचत होती. आई मध्ये पडली तर आईलाही टोचलं. ती बिचारी बाजूला जाऊन दाणे टिपायला लागली. नाहीतर काय करणार.

मग एकेका पिलाला एकेका डालग्याखाली कोंडावं लागलं. अंगणात नऊ डालगी पालथी, वर दगड, प्रत्येकात एक पिल्लू, आणि प्रत्येक पिल्लू फटीतून शेजारच्या डालग्याकडे डोळे वटारून बघतंय. हे सकाळी पाण्याची बादली आणि दाण्याचं टोपलं घेऊन एकेक डालगं उचलत फिरायचे. वायरमनचा जेलर झाला. अशी आमची जात सुधारली.

थंडी संपत आली तेव्हा बागाईतदार पुन्हा आला. त्याच्याकडेही एक असील होता.

"रविवारी सकाळी आण ह्याला," तो यांना म्हणाला. "बराखीमागं जरा समोरासमोर धरू. झुंज न्हाई रे. नुसती वळख."

"त्याला कायद्यानं बंदी आहे," मी आतून म्हणाले.

"वहिनी, वळखीला कसली बंदी?" असं म्हणून तो हसला, आणि हेही हसले.

त्याच्या पाठीमागे मी यांना स्पष्ट सांगितलं, जायचं नाही. मी अंगणवाडीत पोरांना सांगते, मांजराची शेपटी ओढू नका. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू? हे म्हणाले, नाही जाणार. रविवारी मी विहारात बायकांच्या बैठकीला गेले. परत आले तर हे नव्हते, कोंबडा नव्हता आणि माझा नवा टॉवेलही नव्हता.

बारा वाजता आले. टॉवेलात गुंडाळलेला कोंबडा, त्याचा उजवा डोळा गेलेला. यांच्या सदऱ्यावर रक्त वाळलेलं.

"जिंकला," एवढंच म्हणाले आणि अंघोळीला गेले. जेवले नाहीत.

मी दोन दिवस मनात वाक्यं तयार करत होते. एकाहून एक धारदार. टॉवेलवरून सुरुवात करून सासऱ्यांपर्यंत पोचणार होते. पण हे बोलतच नव्हते. मला वाटलं, कोंबड्याच्या डोळ्याचं दुःख. तिसऱ्या दिवशी मी मटार सोलत बसले होते, हे समोर येऊन बसले आणि शेंगा सोलायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा.

"त्यांचा कोंबडा पडला," हे म्हणाले. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी आपला कोंबडा उचलला, पाठीवरनं हात फिरवला."

"मग?"

"म्हणाले, कोंबडा वाघ हाय. पण असला कोंबडा तुमच्या वस्तीत शोभत न्हाई रे. तुमच्याच्यानं सांभाळायचा न्हाई. आमच्याकडं आणून सोड."

मी शेंग तशीच हातात धरून बसले.

"समदे हसले," हे म्हणाले. मग बराच वेळ मटार सोलले. "मी बी हसलो."

माझी सगळी वाक्यं वाया गेली. त्यांतलं एकही मला म्हणता आलं नाही, आजवर नाही. त्या माणसांबद्दल मला किळस होतीच. पण यांच्या त्या हसण्याचा राग आला नाही, कारण ते हसू मला ओळखीचं होतं. कपबशा विसळताना मी गुणगुणत होते, त्यातही तेच हसू होतं. मी फक्त म्हणाले, "त्याच्या डोळ्याला हळद लावायला पाहिजे. धरा त्याला." यांनी धरला, मी लावली. कोंबडा हललासुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात बागाईतदार जीप घेऊन आला. जीपमध्ये रिकामं खोकं होतं, आत भुसाही पसरलेला. म्हणजे विचारायचं काही शिल्लकच नव्हतं. हे ओट्यावर बसले होते.

"चल, दे त्याला," तो फाटकातून म्हणाला. "एक डोळा गेला तरी पैदाशीला चालंल."

"न्हाई द्यायचा," हे म्हणाले.

"अरे, हितं वाया जाईल त्यो."

"जाऊ दे."

"काय राव, कोंबड्यासाठी एवढं..." तो हसत आत यायला लागला.

हे उठून उभे राहिले. "न्हाई म्हणलं ना. जा तू आता."

तू. त्यात शिवी नव्हती, आवाजही चढलेला नव्हता. पण बागाईतदाराचा चेहरा माझ्या सरकारी कोंबडीसारखा झाला. टोच बसली आहे आणि काय करायचं ते कळत नाही. तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मी त्याला याचा अर्थ सांगणार होते. त्याच्या मनात असेल, बाईमाणूस मध्ये पडेल, बसा दादा म्हणेल.

मी म्हणाले, "तुमच्या खानदानी कोंबडीची अंडी असली तर आणून द्या. आमची गावरान खुडूक आहे, ती उबवून देईल. कुणाचं अंडं कुणाला शोभतं ते ती विचारत नाही."

तो जाऊन जीपमध्ये बसला. जीप वळवताना फाटकाचा खांब वाकवून गेला, तेवढं मात्र त्याला जमलं. आता त्याची वायर जळाली की मंचरहून कुणीतरी येतं. रस्त्यात भेटला तर यांच्याकडे बघून मान हलवतो. हेही हलवतात. गावात राहायचं आहे दोघांनाही.

दोन्ही असील कोंबड्या यांनी कळंबच्या माणसाला परत नेऊन दिल्या. डालग्यांखालचे नऊ जण मोठे झाले आणि एकेक करून रविवारी शिजले. त्यांचं मांस इतकं चिवट की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या मी सोडून दिल्या. मुलगी आणि जावई पुण्याहून आले होते. जावई म्हणाला, "आई, चव वेगळीच आहे हं." मी म्हणाले, "चावा, चावा. तेज आहे त्यात."

आता कोंबड्यांना कोंबडा हवा होता. घाटघरला एक सेविका आहे, जुन्नरला प्रशिक्षणाला आम्ही शेजारी बसायचो. मी सकाळच्या एसटीने तिच्याकडे गेले. वर सगळं धुकं. तिच्या घराच्या मागे दहाबारा कोंबड्या आणि चारपाच कोंबडे हिंडत होते, कुणी कुणाच्या अध्यातमध्यात नाही.

"कसला पायजे तुला?" तिने विचारलं.

"साधा. बापाचं नाव माहीत नसलेला."

ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. "आगं, हितं कुनाच्याच बापाचं नाव ठावं न्हाई. घे कुठलाबी."

मी एक करड्या-पिवळ्या रंगाचा घेतला, अंगाने लहान, शेपटीचं एक पीस मोडलेलं. तिने त्याचे पाय सुताने बांधले, पिशवीत घातला आणि वर दोन शेर तांदूळही दिले. एसटीत तो सगळ्या वाटभर गप्प होता आणि जुन्नरच्या स्टँडवर, गर्दीत, खच्चून आरवला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं तिकीट?" सगळी गाडी हसली. मीही हसले. बऱ्याच महिन्यांनी.

मी घरी पोचले तोवर यांनी गोठ्यामागे जाळीचा कप्पा करून असीलला त्यात हलवलं होतं. काम मात्र सुबक केलं होतं, तारा कशा ताणायच्या ते यांना येतं. नवा कोंबडा मी अंगणात सोडला. तासभर एकही कोंबडी जवळ आली नाही. मग काळी टाकीमागून बाहेर आली. तुऱ्याच्या जागी नुसता खरवडलेला वण. तिने त्याला खालवर पाहिलं आणि डोक्यात एक सणसणीत टोच हाणली. तो ओरडत ओट्यावर चढला. काळी दाण्यांपाशी गेली आणि सगळ्यांच्या आधी खायला लागली.

असील अजून आहे. मध्यंतरी हे मुलीकडे पुण्याला पंधरा दिवस राहिले, तेव्हा त्याचं दाणापाणी माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. मी जाळीतून वाटी आत सरकवते, तो मान वळवून चांगल्या डोळ्याने बघतो आणि माझ्या हाताला चोच न लागू देता दाणे टिपतो. येणारे जाणारे म्हणतात, किती शांत आहे हो. मी म्हणते, हो, एकटा आहे ना. मला तो आवडत नाही. मी त्याला पाणी देते, वाटी विसळते आणि कप्प्याची कडी दोनदा ओढून बघते.